बांगड्याच्या तिखल्यात मावलेला जिल्हा

जूनमधला एखादा दिवस असायचा. रात्रभर पाऊस झोडपून गेलेला, सकाळी जरा उघडीप, आणि आजी मागच्या दारी उभी राहून आईला हाक मारायची, "गो, तुज्या डोंगराचां पाणी इलां बघ!" आई चुलीवरचं तसंच टाकून पदराला हात पुसत खाडीवर जायची. आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवट असलेली खाडी सकाळी तांबडी झालेली असायची, वर फांद्या, पालापाचोळा, बांबूचे तुकडे, मधेच एखादा अख्खा ओंडका वाहत येतोय. आई काही बोलायची नाही, नुसती बघत बसायची. गढूळ पाण्यात एवढं बघण्यासारखं काय आहे हे मला तेव्हा कळायचं नाही.

ते पाणी तिच्या माहेराहून आलेलं असायचं. आईचं माहेर नरडव्याच्या बाजूला, कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला, दारातून वर बघितलं की डोंगरच डोंगर. आणि सासर तळाशीलला, मालवण तालुक्यात, जिथे वर बघितलं की नुसतं आभाळ आणि समोर समुद्र. गड नदी तिच्या माहेरच्या डोंगरातून निघते, कणकवलीवरून, मसुऱ्याच्या भरतगडाच्या पायथ्याने वळसे घेत कालावलच्या खाडीत येते आणि आमच्या घरामागून समुद्राला मिळते. म्हणजे आईच्या लग्नाच्या वरातीने जेवढा प्रवास केला, तोच प्रवास नदी रोज करते.

तळाशील बघितलं नसेल तर डोळ्यासमोर आणायला जरा कठीण आहे. समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूची एक लांबलचक जीभ, त्यावर माड, माडांत घरं आणि एकच रस्ता. पुढच्या दाराला लाटा, मागच्या दाराला खाडी. आणि अशा जागी विहिरीचं पाणी गोडं! लहानपणी शाळेतल्या मैत्रिणींना हे पटायचं नाही. कारण साधं आहे, पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत राहतं. विहीर खोल खणायची नाही आणि एका दमात जास्त उपसायची नाही, नाहीतर खालचं खारं वर येतं. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण दिवसातून किती कळशा काढायच्या हे तिचं ठरलेलं होतं आणि पाहुणे जास्त आले तर ती शेजारच्या विहिरीवर पाठवायची, आपल्या विहिरीला त्रास नको म्हणून. पंप बसले आणि हा हिशोबच सुटला.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १९८१ साली. साधारण १२१ किलोमीटरचा किनारा, वर विजयदुर्ग, खाली रेडी आणि तेरेखोलचं मुख. आपण नकाशात हा जिल्हा नेहमी उभा बघतो, उत्तर-दक्षिण. हायवे उभा, कोकण रेल्वे उभी, टुरिस्ट लोकांचा प्लॅन पण उभा, देवगड मग मालवण मग वेंगुर्ला मग गोवा. पण इथली माणसं अशी उभी जगलीच नाहीत हो. ती आडवी जगली, डोंगर ते बंदर. जुन्या लोकांच्या बोलण्यात दोन शब्द होते, खलाटी आणि वलाटी. खलाटी म्हणजे किनाऱ्याकडची सखल पट्टी, वलाटी म्हणजे डोंगराकडची चढती बाजू. या दोघींमध्ये अंतर किती, तर आंबोलीपासून सरळ रेष मारली तर समुद्र चाळीसेक किलोमीटरवर. डोंबिवलीहून रोज चर्चगेटला जाणारा माणूस यापेक्षा जास्त प्रवास करतो. पण त्या चाळीस किलोमीटरात भात बदलतं, माती बदलते, बोलण्याचा हेल बदलतो आणि पाऊस तर दुपटीहून जास्त होतो. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. समुद्रावरून भरून आलेले ढग सरळ जाऊन सह्याद्रीला आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणजे समुद्राचंच पाणी डोंगर घेतो आणि नदीतून परत करतो. परत करताना सोबत माती देतो, कुजलेला पाला देतो. त्या खतावर आणि पावसाळी वाऱ्यांनी खालून वर येणाऱ्या थंड पाण्यावर समुद्रात बारीक शेवाळ माजतं, आणि मग पावसाळा सरता सरता तारली आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागतात. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्लं खाडीत शिरून कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत बाहेर जातात. मासा समुद्रात मिळतो हे खरं, पण त्याचा अर्धा जीव डोंगरात असतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते, कारण हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं आणि कळल्यावर मी दोन दिवस त्याच विचारात होते.

आंबोलीला पडणारा सगळा पाऊस आपल्याकडे उतरत नाही. तिथेच हिरण्यकेशीचा उगम आहे, गुहेतून पाणी बाहेर येतं, पुढे देऊळ. (२०२० मध्ये तिथल्या पाण्यात माशाची एक नवीनच जात सापडली, तिला नदीचंच नाव दिलं, स्किस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.) ही नदी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. आजरा, गडहिंग्लज, मग संकेश्वर, पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आता संकेश्वर म्हटल्यावर मालवणी बाईला काय आठवतं? मिरची! संकेश्वरी मिरची, जी आईच्या मसाल्यात बेडगीबरोबर हमखास असते, बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. म्हणजे आपल्याच समुद्रावरून गेलेला ढग आंबोलीवर फुटला, त्याचं पाणी घाटापलीकडे उतरलं, तिथल्या शिवारांत मिरची झाली, ती मिरची पोत्यात भरून घाट उतरून सावंतवाडीच्या, कणकवलीच्या बाजारात आली आणि आमच्या घरी पाट्यावर वाटली जाऊन बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, पडली.

मग मी एकेक जिन्नस आठवत बसले. सोलं, म्हणजे रातांब्याची, आमसुलं, ती वलाटीकडून, मामाच्या परड्यातून. तिरफळं तर पूर्ण डोंगरातली. तिरफळाच्या झाडाला बुंध्यापासून दणदणीत काटे असतात, काढणाऱ्याचे हात सोलून निघतात, हिरवे घोस काढून वाळवले की फळ उकलतं, आतली काळी बी टाकून द्यायची आणि वरचं साल ठेवायचं. बी राहिली तर दाताखाली वाळू आल्यासारखी कचकच. नारळ आमचा, खलाटीचा. मीठ पूर्वी शिरोड्याच्या मिठागरांचं यायचं, त्याच शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. आणि बांगडा दारातला. एका टोपात अख्खा जिल्हा, आणि घाटापलीकडचा मुलूख पण. नुसतं चवीचं नाही हे, तिरफळाशिवाय बांगडा-तारलीसारखा उग्र तेलकट मासा आमच्याकडे कोणी शिजवतच नाही. डोंगराचं फळ नसेल तर समुद्राचा मासा पोटाला सोसत नाही असं आजी म्हणायची.

बांगडा म्हटलं की रापण आलीच. माझा काका रापणकर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड लांब जाळं. एक दोर काठावरच्या लोकांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरा दोर लांबवर परत काठाला आणते. मग दोन्ही बाजूला वीस-वीस पंचवीस-पंचवीस माणसं दोराला लागतात आणि दोन-अडीच तास ओढत राहतात, मागे सरकत, मग शेवटचा माणूस सोडून पुढे पाण्याकडे येतो, असं फिरत. जाळं कोणा एकाचं नसतं, रापण संघातल्या प्रत्येकाने आपापला तुकडा घातलेला, त्यामुळे मासा पण सगळ्यांचा, वाटे पडतात. आमच्याकडे तर वाटेने जाणारा कोणी दोराला हात लावला तरी त्याला रिकामा पाठवत नसत.

जाळं पाण्यातून वाळूला लागलं की मासा दिसायच्या आधी ऐकू येतो. हजारो शेपट्या ओल्या वाळूवर एकदम तडतडायला लागतात, पत्र्यावर पाऊस सुरू होतो ना तसा आवाज. जिवंत बांगडा ज्याने बघितला नाही त्याला मार्केटमधला बांगडा बघून काही कल्पना येणार नाही. पाठ हिरवी-निळी, त्यावर शाईने ओढल्यासारख्या काळ्या नागमोडी रेघा, पोटाला चांदी आणि त्या चांदीवर किंचित गुलाबी झाक. काका एक बांगडा माझ्या ओंजळीत ठेवायचा. तो थरथरायचा आणि बघता बघता पाठीचा हिरवा रंग विझायचा, आधी डोक्याकडून, मग मागे मागे. दहा-पंधरा मिनिटांत नुसता करडा. मी दरवेळी तो रंग जाताना बघायची आणि दरवेळी वाटायचं यावेळी राहील.

मे महिन्यात सुकी मासळी घेऊन मामाकडे जायचं हे पण ठरलेलं. अगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी. सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, गोलमो म्हणजे जवळा, सगळं कडक उन्हात वाळवून डब्यात भरून वर फडक्याने घट्ट बांधलेलं, तरी एसटीत वास यायचाच आणि कोणी नाक मुरडायचं नाही कारण अर्ध्या गाडीत तेच असायचं. मामी डबा उघडून आधी वास घ्यायची, मग एक सुंगट तसंच तोंडात टाकायची. परत येताना त्याच डब्यातून सोलं, तिरफळं, नाचणी, पोत्यात उकडे तांदूळ आणि वर एक फणस. कोणी हिशोब केलेला मी बघितला नाही. आणि यात आमचं घर काही वेगळं नव्हतं, त्याआधी कित्येक पिढ्या बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर हेच चाललेलं, फोंडा घाटाने, आंबोलीच्या वाटेने, आणि नावं नसलेल्या कितीतरी पायवाटांनी. मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणि गूळ, मिरची, कांदा खाली.

मामाकडे पहिल्या पावसात अजून एक गोष्ट व्हायची. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की मासे उलटे चढायचे, चढणीचे मासे, आणि रात्री बत्ती घेऊन गावातले बाप्ये व्हाळावर. आता म्हणतात अंडी घालायला चढणारा मासा धरू नये आणि ते बरोबरच आहे, तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण मला त्यातलं एक फार आवडतं, ज्या दिवशी आजी तळाशीलला म्हणायची डोंगराचं पाणी आलं, त्याच दिवसांत मामाकडे मासे डोंगराकडे निघालेले असायचे. पाणी खाली, मासा वर.

किल्ल्यांचं सांगितल्याशिवाय सिंधुदुर्गावरचा लेख पुरा होत नाही, पण मी थोडक्यात सांगेन कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला, तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, आणि ती बातमी आली तेव्हा मी ऑफिसमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. पण मला किल्ला बघताना दरवेळी वाटतं की हा पण आडवाच विचार आहे. समुद्रात दगड रचायचा तर लाकूड डोंगरातलं लागतं, माणसं वरची-खालची दोन्ही लागतात, घाटांवर नजर लागते. महाराजांचे गड वर होते म्हणून खालचा जलदुर्ग टिकला. नारळी पौर्णिमेला आजही मालवणात किल्ल्यातून मानाचा नारळ मिरवत आणून समुद्राला देतात, त्यानंतरच दर्या मोकळा झाला असं मानतात. कायद्याची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, पण काकासारख्या लोकांची तारीख ही पौर्णिमाच.

आणि किल्ल्यांच्या कितीतरी आधीचं आहे ते सड्यांवर. खलाटी आणि वलाटीच्या मध्ये हे जांभ्याचे सपाट काळे सडे पसरलेत, उन्हाळ्यात भकास, पावसाळ्यात नुसतं फुलांचं अंथरूण. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ दगडातलं बरंचसं धुऊन नेलं आणि लोखंड मागे राहिलं त्याचा हा जांभा, त्याचेच चिरे काढून आमची घरं बांधलेली. या सड्यांवर कोणीतरी चित्रं कोरून ठेवलीत, कातळशिल्पं. मालवण तालुक्यात कुडोपीला आहेत, रत्नागिरीत तर किती तरी ठिकाणी. माणसं, जनावरं आणि मासे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कुडोपीच्या सड्यावर मी अनवाणी उभी राहिले होते, बाजूच्या गुराख्याने सांगितलं चपला काढा म्हणून. एका बाजूला लांब डोंगराची निळी रेघ आणि दुसरीकडून खारा वारा. कोरणाऱ्याने पण दोन्ही बघितलं असणार.

आता जे दुखतंय ते लिहिते. काकाची रापण आता वर्षातून मोजके दिवस लागते. पर्ससीनवाल्यांनी मोठ्या जाळ्यांनी अख्खा थवा समुद्रातच घेरून उचलला की किनाऱ्याला यायला उरतं काय. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडी लाइट लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी काळोख्या रात्री आमच्या ओटीवरून समुद्रात उजेडाची रांग दिसते, जणू गाव वसलंय. काका ते बघायचा आणि आत जाऊन झोपायचा. इकडे वलाटीत मामाच्या गावाच्या आजूबाजूला जंगलाची टेकडी एका उन्हाळ्यात साफ होते आणि पुढच्या वर्षी तिथे काजूच्या ओळी. खाली दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबर. कोणाला नावं ठेवायची नाहीत मला, काजूने पैसे दिले, पोरं शिकली. पण ओळीच्या बागेत तिरफळाच्या काटेरी झाडाला कोण जागा देणार, आणि उघड्या टेकडीची माती पहिल्याच पावसात कुठे जाणार, तर गड नदीत. खाडी भरून येते, मुखाशी वाळू हलते आणि समुद्र आमच्या वाळूच्या जिभेला कुरतडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमचे सहा माड गेले आणि विहीर मचूळ झाली ती दोन पावसाळे मचूळच होती. आता समुद्राच्या बाजूला दगडांचा बंधारा टाकलाय. माड वाचतात त्याने, पण होडी ओढायला वाळू कमी उरते.

मला राग याचा येतो की हे सगळे प्रश्न वेगवेगळ्या टेबलावर ठेवलेत. मासेमारीचा वेगळा, जंगलाचा वेगळा, धूप झालेल्या किनाऱ्याचा वेगळा, वारशाचा आणखी वेगळा. आजीला कळायचं की हे एकच पाणी आहे.

दशावतारी मंडळी तेवढी अजून आडवी फिरतात. पावसाळा संपून जत्रा सुरू झाल्या की आज किनाऱ्यावरच्या देवळात, उद्या डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, आणि दोन्हीकडे लोक पहाटेपर्यंत बसतात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत जायचे, आता टेम्पो.

आजी गेली, काका पण गेला. आई तळाशीललाच आहे भावाकडे. मे महिन्यात मी जाते तेव्हा ती डबा भरून देते, सुके बांगडे, सोलं, आणि तिरफळं वेगळ्या पुडीत. गेल्या जूनमध्ये डोंबिवलीत दोन दिवस सलग पाऊस होता, बंदीमुळे बाजारात ताजा बांगडा नव्हता, म्हणून सुक्याचंच तिखलं करायला घेतलं आणि वाटण झाल्यावर आईला फोन लावला, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तिरफळां किती घातलंस?"

"पाच."

"आणि दोन घाल. बियो काढलंस मां?"

"काढलंय गो. पाणी इलां काय?"

ती जरा थांबली. मागे पावसाचा आवाज येत होता, तिच्याकडचा का माझ्याकडचा कळेना.

"काल रात्रीच इलां," ती म्हणाली. "पण यंदा जरा जास्तीच तांबडां हा."

मी गॅस बारीक केला आणि अजून दोन तिरफळं टाकली.